वारशाच्या बंदुकीची किंमत विचारायची कुठे?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर
मा. पोलिस आयुक्त, सोलापूर शहर
मा. पोलिस अधीक्षक, सोलापूर ग्रामीण
मा. संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र राज्य

विषय : वारशाने आलेल्या जुन्या बंदुकांची ओळख पटवून देण्यासाठी सोलापुरात वार्षिक शिबिर भरवण्याबाबत

महोदय,

मागणी आधी सांगते, कारणे मागून. सोलापुरात वर्षातून एक दिवस असा असावा, की ज्याच्या घरात बापजाद्यांची बंदूक आहे त्याने ती लेखी परवानगीने, न घाबरता घेऊन यावी. जाणकाराने ती हातात घेऊन पाहावी आणि ती काय आहे, कोणत्या काळातली आहे, चालण्याजोगी आहे की नाही, हे सही-शिक्क्यानिशी एका कागदावर लिहून द्यावे. किंमत सरकारने ठरवावी असे माझे म्हणणे नाही. पण वस्तू काय आहे हेच ठाऊक नसेल तर तिची किंमत कोण ठरवणार? आणि ते खात्रीने सांगणारी एकही जागा मला या जिल्ह्यात सापडलेली नाही.

मी निवृत्त शिक्षिका आहे, इतिहास शिकवत असे. माहेर बार्शी तालुक्यात, जुन्या निजाम हद्दीला लागून असलेल्या गावी. वडील गेले आणि त्यांच्या परवान्यावरच्या दोन बंदुका मागे राहिल्या. एक ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, आजोबांच्या काळी पीकराखणीसाठी घेतलेली. दुसरी विलायती दुनळी, बारा बोअर. परवानाधारक गेल्यावर हत्यार घरात ठेवून घेणे बेकायदा ठरते. ते विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे 1959 च्या शस्त्र कायद्याचे कलम 21 सांगते. आम्ही भावंडांनी त्या विक्रेत्याकडे जमा केल्या, पावती घेतली. मग वाटणीचा विषय निघाला. शेत मोजता येते, सोने तोलता येते. बंदुकीचे काय करायचे? एक भाऊ म्हणाला विकू, दुसरा म्हणाला मी परवाना काढतो, बाकीच्यांना पैसे देतो. दोघांचेही म्हणणे एकाच प्रश्नाशी अडले : पैसे किती?

हा प्रश्न घेऊन मी ज्या ज्या दारात गेले तिथे मला आकडे मिळाले, उत्तर मिळाले नाही. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने ठासणीच्या बंदुकीकडे लांबूनच पाहून भंगाराहून थोडा वरचा भाव सांगितला. दुसऱ्याने फोनवर, बंदूक न पाहताच, ऐकून छाती दडपावी असा आकडा सांगितला आणि 'कागदपत्रांचे नंतर बघू' म्हणाला. तिथून मी पुढे बोलले नाही. एका कार्यालयात सांगितले, बाई, आम्ही परवाना बघतो, किंमत नाही. त्यांचे बरोबरच होते. नातेवाइकांपैकी कोणी मोबाइलवर विलायतेतल्या लिलावाची बातमी दाखवली. 2019 साली इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावर सापडलेली, टिपू सुलतानाची म्हणून ओळख पटलेली चांदीच्या कामाची बंदूक तिथे 60,000 पौंडांना गेली. त्या दिवसापासून आमच्या घरातल्या काहींना आपलीही लाखांची वाटू लागली.

त्या बातमीतून शिकण्यासारखे दुसरेच होते. टिपूची बंदूक जुनी आहे म्हणून महाग गेली नाही. ती कोणाची, कुठून आली, कोणत्या घराण्यात किती काळ होती, याची साखळी जुळली म्हणून गेली. शिवाय विलायतेतला आकडा रुपयांत मांडून आपल्याला काही उपयोग नाही. 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि देशातही पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. म्हणजे आपल्या बंदुकीचा गिऱ्हाईक इथलाच, आणि तोही दोन कायद्यांच्या चौकटीत बसणारा. अशा बाजारात ज्याच्याकडे माहिती आहे तो बोलेल तो भाव. वारसाच्या हाती माहिती नसतेच.

म्हणून मी माहिती मिळवायला लागले. काय काय पाहावे लागते ते थोडे सविस्तर लिहिते. शिबिरात जाणकाराने नेमके काय करायचे ते त्यातून आपल्याला दिसेल, आणि हे पत्र वाचणाऱ्या इतर वारसांनाही उपयोग होईल.

आपल्या भागात सर्वांत जुनी सापडते ती तोड्याची बंदूक. लांब, बारीक नळी, किंचित वाकडा सडपातळ दस्ता, नळी दस्त्याला चामड्याच्या किंवा धातूच्या पट्ट्यांनी बांधलेली. सापाच्या आकाराच्या चिमट्यात पेटता तोडा, म्हणजे सुताची वात, धरायचा, चाप ओढला की तो नळीच्या बाजूच्या कानातल्या रंजकावर, म्हणजे आतल्या दारूला पेट देणाऱ्या बारीक दारूवर, टेकायचा. ही बंदूक गावचा लोहार दुरुस्त करू शकत असे, म्हणून फिरंग्यांच्या नव्या बंदुका आल्यावरही ती आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात चांगली खोलवर टिकली. त्यामुळे 'तोड्याची आहे म्हणजे शिवकाळातली' हे घरोघर सांगितले जाणारे गणित बरोबर नाही. काळ ठरतो तो नळीची घडण, दस्त्याचे लाकूड आणि वळण, नक्षी, आणि लेख असेल तर लेख, यांवरून.

त्यानंतरची गारेची, म्हणजे चकमकीच्या ठिणगीवर उडणारी. ईस्ट इंडिया कंपनीने अशा बंदुका मोठ्या संख्येने हिंदुस्थानात आणल्या. घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर कंपनीची खूण असते. आधीच्या बंदुकांवर चार भागांत विभागलेले, अक्षरे भरलेले हृदयाच्या आकाराचे चिन्ह, आणि साधारण 1808 पासून पुढचे पाय उचललेला सिंह. मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्याकडे टोपीची बंदूक आली. रंजक गेले, त्या जागी निपलवर, म्हणजे नळीच्या कानावरच्या पोकळ बोंडावर, बसवायची आणि घोड्याच्या ठोक्याने पेटणारी तांब्याची टोपी आली. 1853 च्या नमुन्याची एन्फील्ड ही इंग्रजी फौजेची बंदूक याच वर्गातली. 1857 नंतर हिंदी शिपायांच्या हाती मुद्दाम आतून गुळगुळीत नळीच्या, म्हणजे नेम कमी साधणाऱ्या बंदुका देण्यात आल्या. नळीत आटे, म्हणजे आतल्या पिळाच्या खाचा, आहेत की नाहीत एवढ्या एका गोष्टीवरून ती बंदूक कोणासाठी बनली होती याचा अंदाज येऊ शकतो.

आमच्या ठासणीच्या बंदुकीच्या पट्टीवर, गंजाच्या थराखाली, तो पाय उचललेला सिंह आहे. विक्रेत्याने माझ्यासमोर बॅटरीचा उजेड तिरका धरला तेव्हा दिसला. म्हणजे मूळ कळ, बार उडवणारी यंत्रणा, कंपनीची, गारेची. पण तिच्यावर आज घोडा आहे तो टोपीचा. पट्टीवर जुन्या रंजकाच्या पात्राची भोके बुजवलेली दिसतात आणि नळीच्या कानात निपलचा तुकडा आटे पाडून बसवला आहे. दस्ता तर उघडच गावच्या सुताराने घडवलेला. तीन वेगवेगळ्या काळांत तीन हातांनी ही बंदूक चालती ठेवली. संग्राहकाच्या लेखी अशा मिश्र बंदुकीचा भाव अखंड, मूळ रूपातल्या बंदुकीपेक्षा बराच खाली असतो, आणि हे मी भावांना तसेच सांगितले. माझ्या लेखी मात्र ती आमच्या गावच्या इतिहासाचे पान आहे. पेशवाईच्या पडत्या काळात कंपनीची फौज याच जिल्ह्यातून फिरली. 20 फेब्रुवारी 1818 ला आष्टीला बापू गोखले पडले, त्याच वर्षी मे महिन्यात जनरल मन्रोने सोलापूरच्या किल्ल्याला वेढा दिला. कंपनीची कळ बार्शीकडच्या एका शेतकऱ्याच्या बंदुकीवर कशी आली, याचे उत्तर कदाचित कधीच मिळणार नाही. पण हा प्रश्न तरी निघावा, म्हणून ती खूण वाचणारे कोणीतरी हवे.

दुनळीची गोष्ट वेगळी, आणि ती सांगणे मला जास्त गरजेचे वाटते, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. तिच्या नळ्यांवर पाण्यावर तेल पसरावे तशी नक्षी आहे. ही दमास्कस नळी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्यांना पीळ घालून, तापवून, ठोकून केलेली. नळ्या उलट्या करून खालची बाजू पाहिली की बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे ठसे दिसतात. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह 1813 पासूनचे, लंडनचे त्याहून पुष्कळ जुने. तिथे नळीत जास्तीची दारू भरून बार काढून पाहत आणि टिकली तरच ठसा मारत. बारा बोअर म्हणजे नळीत बरोबर बसणारी शिशाची गोळी एका पौंडात बारा भरावी, हे मापही तिथे कोरलेले असते. आमच्या दुनळीवर 'नॉट फॉर बॉल' असे शब्द आहेत. नळीचे तोंड आवळलेले असल्याने यात छर्रे भरावेत, गोळी नव्हे, अशी ती सूचना. बर्मिंगहॅमला हा ठसा 1875 ते 1887 या काळात वापरला गेला. एका ओळीच्या ठशाने बंदुकीचा जन्म बारा वर्षांच्या आत आणून ठेवला.

पण याच ठशाचा दुसरा अर्थ असा की ही बंदूक काळ्या दारूसाठी तपासलेली आहे. आजची बारा बोअरची काडतुसे धूरविरहित दारूची असतात, त्यांचा दाब वेगळा. काडतूस आत बसते म्हणून ते उडवून चालते असे नाही. अशी जुनी पिळाची नळी हातात फुटू शकते. आपल्या देशात विलायती बंदुकांची आयात खाजगी माणसांना 1980 च्या दशकापासून जवळजवळ बंद आहे, म्हणून चांगल्या विलायती बारा बोअरला परवानाधारकांत मोठी मागणी असते. त्या मागणीच्या भावाने ही दुनळी कोणी घेतली आणि शेतात उडवली तर काय होईल? विकणाऱ्याला ठाऊक नव्हते म्हणून घेणाऱ्याचा हात जायचा. तेव्हा हिची किंमत वापराची बंदूक म्हणून वेगळी, जवळपास नाहीच. आणि जपायची जुनी वस्तू म्हणून वेगळी. हा फरक सांगणारा माणूस विक्रीच्या आधी मधे उभा असला पाहिजे.

आणखी एक प्रकार सांगते. जुन्या बंदुकांच्या नकला बाजारात फार आहेत, शोभेसाठी बनवलेल्या, आणि त्याच पुढे 'संस्थानी' म्हणून विकल्या जातात. ठसा उथळ आणि पसरट, स्क्रू आजच्या मापाचे, लाकडावर रंगाने आणलेले जुनेपण, आणि कित्येकदा नळीला रंजकाचे भोकच पाडलेले नसते. एखाद्याने अशी नकल लाखाला घेतली आणि एखाद्याने खरी कंपनीची बंदूक भंगारात दिली, हे दोन्ही एकाच अज्ञानाचे परिणाम आहेत.

आता मूळ अडचणीकडे येते. ही अडचण मी शासनाच्याच दारात मांडते आहे, कारण ती तिथेच सुटेल.

शस्त्र कायद्याच्या कलम 45 मध्ये जुन्या घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या अशा हत्यारांना सूट आहे, जी दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाहीत. पुढे 2020 साली शस्त्र नियमांत बदल झाला आणि 'क्युरिओ', म्हणजे जुनी संग्राह्य वस्तू, या वर्गात मोडणारी लहान शस्त्रे मिळवायला व बाळगायला भारतीय नागरिकाला परवाना लागणार नाही, असे ठरले. मात्र ते शस्त्र वापरायचे, बरोबर बाळगून फिरायचे किंवा एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायचे तर रीतसर परवाना हवाच. दोन्ही तरतुदी चांगल्या हेतूच्या आहेत. पण त्या एकत्र ठेवून वारसाच्या जागी बसून पाहा. माझ्या माळ्यावरची बंदूक या सवलतीत बसते की नाही हे ठरवण्यासाठी ती जाणकाराला दाखवावी लागणार. जाणकार पुण्याला किंवा मुंबईला. तिथे न्यायची तर ने-आण आली. ती परवान्याशिवाय करता येत नाही. आणि ती सवलतीत बसत नसेल तर विनापरवाना बंदूक बाळगण्याला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान दोन, कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे. कोणता शेतकरी, कोणती विधवा बाई हे धाडस करेल?

आमचे सोपे होते. दोन्ही बंदुका परवान्यावर होत्या, जमा होत्या, पावती हातात होती. परवाना वारसाच्या नावे करायलाही नियम आहे. परवानाधारक गेल्यावर, किंवा तो सत्तर वर्षांचा झाला अथवा त्याने हत्यार पंचवीस वर्षे बाळगले की हयातीतच, वारसाला अर्ज करता येतो. ज्यांचे वडील, आजोबा आज हयात आहेत त्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे, बाकीच्या वारसांची नाहरकत घेणे अशा वेळी सोपे जाते. 2019 पासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशालाही ती मर्यादा लागू आहे. तेव्हा तिसरी कोणती सोडायची हा निर्णय बऱ्याच घरांना घ्यावा लागला. तो त्यांनी कशाच्या आधारावर घेतला असेल? माझ्या माहितीत असे घर आहे जिथे चकचकीत कारखानी बंदूक ठेवली गेली आणि शंभर वर्षांची जुनी सोडून दिली.

ज्या घरांत कागदच नाहीत तिथली भीती मी जवळून पाहिली आहे. आमच्याच भागातल्या एका वाड्यात म्हातारा गेल्यावर मुलांनी तोड्याची बंदूक रातोरात आडात टाकली. दुसऱ्या एका घरात नळी करवतीने कापून पाण्याच्या पाइपासारखी भंगारवाल्याला दिली. या माणसांना गुन्हा करायचा नव्हता. त्यांना फक्त विचारायचे होते, आणि विचारण्याने आपण अडकू असे त्यांना वाटत होते.

आपल्या जिल्ह्यात अशा वस्तू राहिल्या कशा, तेही सांगायला हवे. 1857 नंतर इंग्रजांनी हत्यारे गोळा केली, 1878 च्या कायद्याने परवान्याची सक्ती केली. पण सोलापूर हा सीमेवरचा मुलूख. इकडे इंग्रजांचा जिल्हा, मधे अक्कलकोट संस्थान, पलीकडे निजामाचे राज्य. 1947-48 मध्ये रझाकारांच्या धाकाने सीमेवरची गावे रात्र-रात्र जागत होती. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्य सोलापूरहून नळदुर्गाच्या दिशेने निघाले तोवर कित्येक गावांची राखण अशाच ठासणीच्या बंदुकांनी केली. पुढे रानडुकरांपासून पीक राखायला त्याच कामाला आल्या. शस्त्र कायद्यातच पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. शिकारीच्या दुनळ्या 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर खुंटीला लागल्या. ज्या माळरानावर कधीकाळी शिकारी फिरत तिथे नान्नजला 1979 साली माळढोकांसाठी अभयारण्य झाले. ज्या पिढीला हे सारे आठवते ती आता संपत आली आहे. बंदूक राहते, पण ती कोणी घेतली, कुठे वापरली, हे सांगणारा जातो, आणि त्याच्याबरोबर तिच्या किमतीतला मोठा वाटाही जातो. जुना परवाना, विक्रीची पावती, संस्थानचा शिक्का, नळीवर कोरलेला आकडा, आजोबांचा बंदुकीसह फोटो, हे सगळे बंदुकीसोबत राहिले तर तिचा भाव वाढतो. आणि हे कागद आधी रद्दीत जातात.

म्हणून शिबिर हवे. ते कसे व्हावे याची माझी कल्पना अशी.

तारीख दसऱ्याच्या आधीची असावी. खंडेनवमीला शस्त्रे पूजेसाठी बाहेर निघतात, तेव्हा घरात त्यांचा विषय निघतो. तहसील कार्यालयामार्फत आधी अर्ज घ्यावेत, सोबत बंदुकीचे फोटो : पूर्ण बंदूक दोन्ही बाजूंनी, घोड्याखालची पट्टी, नळीवरचे ठसे, दस्ता. फोटोंवरूनच नकला बाजूला काढता येतील. उरलेल्यांना त्या एका दिवसापुरता, ठरलेल्या मार्गाचा लेखी ने-आण परवाना द्यावा, किंवा पोलिस ठाण्यातून सर्व बंदुका एकत्र आणाव्यात. जे हत्यार विनापरवाना निघेल पण वारशाने आलेले आहे आणि मालक स्वतःहून ते दाखवतो आहे, त्याच्याबाबत काय करणार हे शासनाने आधीच, जाहीर आणि स्पष्ट शब्दांत सांगावे. तेवढे एक आश्वासन मिळाले तर आडात जाणाऱ्या बंदुका तुमच्या टेबलावर येतील. बेकायदा हत्यारे कमी व्हावीत हा पोलिसांचाही हेतू यातून साधतो.

जाणकार मिळणार नाहीत, ही सबब पुढे येऊ नये. पुरातत्त्व संचालनालयाकडे अभ्यासक आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रे सांभाळणारी माणसे आहेत. आपल्याच जिल्ह्यात अक्कलकोटच्या राजवाड्यातले शस्त्रागार आहे. तिथल्या रांगांत उभे राहून तुलना केली तरी निम्मा उलगडा होईल. आपल्या विद्यापीठात पुरातत्त्वाचे विद्यार्थी आहेत, त्यांना नोंदी करायला बसवावे, तेवढाच त्यांचा अभ्यास होईल. यांच्याबरोबर एक शस्त्रतज्ज्ञ हवा, कारण 'दुरुस्त करूनही चालणार नाही' हे इतिहासकाराने नव्हे, कारागिरी जाणणाऱ्याने ठरवायचे आहे.

प्रत्येकाला मिळणाऱ्या कागदावर बंदुकीचा प्रकार, अंदाजे काळ, ठसे व लेख, मूळ किती आणि बदललेले किती, चालण्याची स्थिती, आणि मालकाने सांगितलेली तिची हकिकत एवढे असावे. हकिकत खरी की खोटी हा निवाडा नंतर होऊ द्या, आधी ती लिहून तर ठेवा. हा कागद हातात असला की वारस लिलावगृहाकडे जाऊ शकेल, संग्रहालयाला दान देऊ शकेल, भावंडांत वाटणीचा आकडा ठरवू शकेल. दर सांगणाऱ्याला तो 'कशावरून' असे विचारू शकेल.

दुसरी मागणी पोलिस खात्याकडे. जमा झालेली, मुदतीत कोणी सोडवून न नेलेली हत्यारे सरकारजमा होतात आणि पुढे नष्ट केली जातात. नष्ट करण्याआधी त्या ढिगाऱ्यावरून एकदा पुरातत्त्व खात्याच्या माणसाची नजर फिरू द्या. एखादी कंपनीची कळ, एखादी नक्षीची तोड्याची नळी वितळून गेली तर ती परत घडवता येत नाही.

शिबिर होईल तेव्हा होईल. तोपर्यंत वारसांना माझी दोन कळकळीची विनवणी. पहिली, ठासणीची बंदूक रिकामी आहे असे कधीही धरून चालू नका. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षे आत जिवंत राहते. तोंडाशी डोळा नेऊ नका, टोपी लावून पाहू नका, नळी तापवू नका. कानापर्यंतची नळीची बाहेरची लांबी आणि आत जाणाऱ्या गजाची लांबी यांत फरक दिसला तर तिला आणखी हात न लावता पोलिस ठाण्याला कळवा. दुसरी, खंडेनवमीला ती चिंचेने, विटकरीने, पॉलिश पेपरने घासू नका. तो काळपट थर जपायचा असतो. घासल्याने ठसे जातात, आणि ठसे गेले की किंमत सांगणाऱ्याला वाचायला काही उरत नाही. मऊ कापडाने धूळ पुसून हलका तेलाचा हात फिरवला आणि हळद-कुंकू लाकडावर न वाहता पुढे ठेवले तरी पूजा पोचते, असे माझी आजी म्हणत असे.

महोदय, या कामाला मोठा निधी लागत नाही. जागा, बंदोबस्त, चार जाणकार आणि एक शासकीय आदेश एवढेच लागेल. नोंदी घेण्यासाठी, गावोगाव माहिती पोचवण्यासाठी माझ्यासारखे निवृत्त शिक्षक बिनमोबदला बसायला तयार आहेत. मी स्वतः त्यांची यादी करून देते. आमच्या दोन्ही बंदुका विक्रेत्याकडे जमाच आहेत. शिबिर जाहीर झाले तर तिथे येणारी पहिली नोंद आमची धरा. आणि शिबिराचा निर्णय होईपर्यंत, एखाद्या वारसाला जुनी बंदूक तपासणीसाठी न्यायची असेल तर शहरात व ग्रामीण भागात त्याने कोणत्या अधिकाऱ्याकडे, कोणत्या नमुन्यात अर्ज करायचा, तेवढे एका परिपत्रकाने कृपया जाहीर करावे.

आपली,
एक वारस आणि निवृत्त शिक्षिका
जुळे सोलापूर